पाहणे आणि स्पर्श

प्रकाश वस्तू दाखवतो, तिला हात लावत नाही, असे आपण गृहीत धरतो. पदार्थविज्ञान तसे मानत नाही. प्रकाशाला दाब असतो, हे मॅक्सवेल यांनी १८७३ साली मांडले. आज ऑप्टिकल फायबरच्या दोन टोकांवर लहानसे आरसे घडवून ती समोरासमोर ठेवतात. त्या पोकळीत केसाहून कितीतरी पातळ असा पडदा असतो आणि आरशांमध्ये येरझारा घालणाऱ्या प्रकाशातून त्याचे कंपन वाचले जाते. प्रकाश मंद असेल तर वाचन अस्पष्ट राहते. प्रखर केला तर त्याच्याच धक्क्यांनी पडदा हलू लागतो.

हा नियम केवळ सूक्ष्म वस्तूंचा नव्हे. अमेरिकेतील लायगो वेधशाळेचे ४० किलो वजनाचे आरसेही प्रकाशाच्या पुंजस्वरूप चढउतारांनी हलतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तो मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. म्हणून ही वार्ता आम्हांस घरची वाटते.

आणि प्रश्नही घरचाच आहे. पाहणारा अलिप्त राहू शकतो काय? आमची नातवंडे तेलुगू, दखनी आणि इंग्रजीत वाढतात. ती मराठी बोलू लागली की आम्ही कान टवकारतो. लिंग चुकले, हेल बदलला, की लगेच टोकतो. मूल गप्प होते आणि आम्ही हळहळतो, ‘मराठी राहिली नाही.’ ते मौन काही अंशी आम्हीच घडवलेले असते.

मग पाहूच नये काय? दुर्लक्षानेही भाषा जाते. येथे तोच प्रयोग आणखी एक गोष्ट सांगतो. प्रकाशाची कंपनसंख्या पोकळीच्या स्वाभाविक सुराहून किंचित खाली ठेवली, तर तो पडद्याचे कंपन निववतो. किंचित वर ठेवली, तर चेतवतो. हा दृष्टान्त आहे, सिद्धान्त नव्हे. तरी एवढे उमगते की, स्पर्श टळत नसला तरी सूर निवडता येतो, आणि त्या निवडीची जबाबदारी पाहणाऱ्याची असते.

नात विचारते, ‘माझी पुस्तक कुठे आहे?’ तिला पुरते बोलू द्यावे आणि म्हणावे, ‘तुझं पुस्तक कपाटावर आहे, बाळ.’ ती ऐकते. पुढचा प्रश्नही मग मराठीतच येतो.