मुलांचा धीर, गावाचं काम

शाळेचं वर्ष संपलं की कौतुकाचे दिवस येतात. निकालाचा टक्का वर्तमानपत्रात छापून येतो, गुणवंतांचे फोटो फलकावर लागतात आणि सत्काराच्या भाषणात एक वाक्य हमखास ऐकू येतं : प्रतिकूल परिस्थितीशी झुंजून या मुलानं यश मिळवलं. सभागृह टाळ्या वाजवतं. वाक्य खोटं नसतं. पण ती परिस्थिती प्रतिकूल कुणी केली आणि ती तशीच का राहिली, हे त्या टाळ्यांमध्ये विचारायचं राहून जातं.

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात उभं राहिलं की हा प्रश्न टाळता येत नाही. लईराई देवीचं म्हणून हे गाव साऱ्या गोव्याला ठाऊक आहे, आणि खाणींचं म्हणूनही. या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून मागणी वाढली, तसं इथलं हलक्या प्रतीचं लोहखनिजही बोटींवर चढू लागलं. ट्रकांच्या रांगा लागल्या. खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली उतरले, विहिरी आटल्या, नळाबरोबर टँकरचीही वाट बघणं आलं, आणि शिरगावचं गाऱ्हाणं उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोचलं.

या पट्ट्यात जून 2008 मध्ये पहिलीत गेलेलं एक मूल डोळ्यांपुढे आणा. अक्षरओळख झाली ती धुळीच्या दिवसांत. ते पाचवीत असताना, सप्टेंबर 2012 मध्ये, राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. धूळ बसली, पण ट्रकाचा हप्ता बसेना. 2014 मध्ये बंदी उठली, काही काळानं घरात पुन्हा पैसा दिसू लागला. मग फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या. तेव्हा हे मूल दहावीत होतं. खाण चालू असताना पाण्याची चिंता, बंद असताना पगाराची. दहा वर्षांत यातलं एकही संकट त्यानं ओढवून घेतलेलं नव्हतं. तरी ते परीक्षेला बसलं.

त्यामागून आलेलं मूल घ्या. 2015 मध्ये ते पहिलीत गेलं. पाचवीचं वर्ष संपता संपता महामारी आली, शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागला. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या डोंगराळ गावांतली मुलं तेव्हा नेटवर्क शोधत टेकड्या चढत होती. त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांची परीक्षा तर 21 मेपासून, टाळेबंदीतच झाली. पाचवीतलं हे मूल 2025 मध्ये दहावी झालं. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि मे उजाडला तो जत्रा घेऊन.

लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची, म्हणजे शाळकरी मुलांच्या ऐन सुटीतली. गावोगावचे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आधी काही दिवस व्रत धरतात. घर सोडून एकत्र राहायचं, नेमानं आंघोळ, आपल्या हातचं शाकाहारी जेवण, हातात वेताची काठी, गळ्यात मोगरीच्या माळा. नवखा धोंड हे सगळं जुन्यांच्या संगतीत शिकतो. मध्यरात्री होमकुंड पेटतं आणि पहाटेपूर्वी देवीचं नाव घेत धोंड त्या निखाऱ्यांतून जातात. बघणाऱ्याला एकट्याचं धाडस दिसतं. ते पाऊल उचलण्याआधी कित्येक दिवस कित्येकांनी सोबत केलेली असते, हे करणाऱ्याला माहीत असतं.

2025 च्या जत्रेत, 3 मेच्या पहाटे, याच गावात चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे जीव गेले, अनेक जण जखमी झाले. ज्याचं भय वाटावं त्या अग्नीनं ते जीव घेतले नाहीत. ते गेले गर्दीच्या रेट्यात. निखाऱ्यांवरून जाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या घालून दिलेली होती. वाढत्या गर्दीसाठी रस्ता किती रुंद हवा, उतारावर माणसं कशी सोडायची, याची काळजी मात्र तितक्या निगुतीनं वाहिलेली नव्हती. माणसाची श्रद्धा आणि हिंमत कितीही मोठी असली, तरी अरुंद वाट तिच्यानं रुंद होत नाही. वाट रुंद करणं हे गावाचं, पंचायतीचं, सरकारचं काम.

मुलांच्या चिकाटीचंही असंच आहे. तिचं कौतुक जरूर करावं, पण ती आयती मिळते म्हणून तिच्यावर विसंबू नये. मूल सोसतंय हे दिसलं की मोठ्यांना दोन वाटा मोकळ्या असतात : ‘किती सोशिक पोर आहे’ म्हणून पाठ थोपटायची, किंवा त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवायचं. पहिली वाट स्वस्त पडते, म्हणून तिच्यावर वर्दळ जास्त. गावपण खऱ्या अर्थानं दिसतं ते दुसऱ्या वाटेवर.

ही वाट गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज अमलात पेडणे, डिचोलीच्या गावांनी आपल्या खर्चानं मास्तर ठेवले, त्यांच्या जेवणाखाणाची सोय केली आणि देवळांच्या आवारात मराठी मुळाक्षरं गिरवून घेतली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा इमारती उभ्या राहायच्या आधीच अनेक वर्ग भरले. कुणी घराची पडवी दिली, कुठे देवळाची अग्रशाळा मोकळी करून मिळाली. त्या पिढीतल्या कित्येक घरांतलं पहिलं शिकलेलं माणूस अशा उसन्या छपराखाली शिकलं. तिथं मुलांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण छप्पर शोधण्याचे कष्ट त्यांच्या वाट्याला आले नाहीत. ते गावानं उचलले.

आज शाळेला इमारत आहे, न्यायला-आणायला बालरथ आहे, दुपारचा आहार आहे. मग गावानं करायचं ते काय? पुष्कळ आहे. परीक्षेच्या महिन्यात देवळाच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज उतरवता येतो. अग्रशाळेतली एक खोली संध्याकाळी दिवा-पंखा लावून अभ्यासाला देता येते. दहावी झालेल्या मुलांनी सुटीत नववीतल्यांना गणित समजावलं, तर दोघांचंही पक्कं होतं. 2025 पासून सहावी आणि त्यापुढचे वर्ग एप्रिलच्या उकाड्यातच सुरू होऊ लागले. तेव्हा पालकांनी आवाज उठवला होता. निर्णय बदलला नाही म्हणून पालक-शिक्षक संघांनी गप्प बसायचं कारण नाही. वर्गात पंखे चालतात का, प्यायचं पाणी पुरतं का, हे बघणं त्यांच्या हातात आहे.

आणि एक मूल असतं, ज्याचा फोटो फलकावर लागत नाही. एका-दोन विषयांत राहिलेलं. पुरवणी परीक्षेच्या तयारीला लागायच्या दिवसांत ते जत्रेत, लग्नात, तिठ्यावर माणसं चुकवत फिरतं, कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न टक्क्यांचाच विचारतो. त्याच्याकडे धीर नाही असं नव्हे. बरेचदा पहिल्या आलेल्या मुलाइतकाच धीर त्यानंही खर्च केलेला असतो, फक्त त्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नसतो, विचारायला कुणी नसतं. गावाचा जिव्हाळा मोजायचा तर तो या मुलाशी आपण कसं बोलतो त्यावर मोजावा. त्याला ‘पुन्हा बस’ म्हणणारे शंभर भेटतात. ‘संध्याकाळी ये, बसू आपण’ म्हणणारा एक लागतो.

खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून शिरगावच्या परिसरातल्या खनिज गटांचे लिलाव 2022 च्या अखेरीस झाले. घरं आणि देवळं त्यातून वगळा, अशी मागणी गावकरी करत आले आहेत. आता पहिलीत जाणारं मूल दहा वर्षांनी दहावीला बसेल. या दहा वर्षांत विहिरींना पाणी असेल का, शाळेच्या वेळेत रस्त्यावरून ट्रक धावतील का, खनिजाचा पैसा आला तर त्यातला किती वाचनालयाला आणि वर्गाला मिळेल, हे ते मूल ठरवणार नाही. ग्रामसभेत हात वर करणारी माणसं ठरवतील. म्हणून सुटी लागली की मुलांनी खुशाल खेळावं, आंबे-काजू खावेत, जत्रेत हिंडावं. त्यांचं वर्ष संपलं. आपलं काम याच महिन्यात सुरू होतं, आणि येत्या ग्रामसभेला हजर राहणं ही त्याची सुरुवात आहे.