वधूचा शृंगार आणि ‘अलम्’

तुळशीचे लग्न आटोपले की आपल्याकडे विवाहांचे मुहूर्त सुरू होतात. पहिली लग्नपत्रिका कुलदेवतेच्या पायांशी ठेवली जाते आणि मग घरात तयारीची एकच धांदल उडते. या तयारीत अलीकडे एका कामाची भर पडली आहे. ते काम म्हणजे नवरीचा चेहरा तयार करणे. पूर्वी हळद लागली, हिरवा चुडा भरला, केसांत अबोलीची फाती माळली, की नवरी सजली असे समजत. आता लग्नाआधी तीन-चार महिने पार्लरच्या वाऱ्या सुरू होतात. लेप होतात, रंगभूषेची चाचणी होते, छायाचित्रांत कसे दिसेल याचा विचार होतो. या साऱ्याला नावे ठेवावीत म्हणून मी हे लिहीत नाही. काळ बदलतो तशी प्रसाधनेही बदलावयाचीच. माझ्या मनातील प्रश्न निराळा आहे. शृंगार नेमका कशाचा करावयाचा, आणि तो करताना कोठे थांबावयाचे?

हा प्रश्न मला पडला तो फोंडा महालातील आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाच्या वेळी. मुलगी सावळी, तरतरीत, शिकलेली. लग्न ठरले आणि घरच्याच एका हितचिंतक बाईंनी कोठूनशी मलमाची एक नळी आणून दिली. “रोज रात्री लाव, महिन्याभरात उजळशील,” असे त्यांनी सांगितले. पहिल्या काही दिवसांत चेहरा खरोखरच नितळ दिसू लागला. सर्वांना समाधान वाटले. दीड महिन्याने नळी संपली, आणि चार दिवसांत गाल लालभडक होऊन त्यांची आग होऊ लागली. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितले की त्या मलमात स्टिरॉइड होते. अशा औषधाने त्वचा प्रथम उजळल्यासारखी वाटते. पण ते दीर्घकाळ लावल्यास ती पातळ होते, पुरळ उठतात, आणि औषध थांबविताच दाह उसळतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केले. परंतु नियम दुकानापर्यंत पोहोचतो, घरातील हौसेपर्यंत नाही.

मुलगी रडू लागली. तेव्हा तिची आजी एवढेच म्हणाली, “बाये, देवीक फुलां माळटात, तीं तिचें तोंड धांपूंक न्हय.”

या एका वाक्याने माझ्या विचाराला दिशा मिळाली. आपण देवळात नित्य जातो, देवीची पूजा पाहतो. पण त्या पूजेचा क्रम काय सांगतो, हे सहसा मनात येत नाही. षोडशोपचारांत आधी स्नान, मग वस्त्र, त्यानंतर गंध आणि पुष्प. म्हणजे शृंगार चढण्यापूर्वी मूर्ती तिच्या मूळ रूपात भक्तांपुढे उभी असते. अभिषेकाच्या वेळी अंगावर एकही दागिना नसलेली देवी आपण पाहतो, आणि त्या दर्शनालाही तितक्याच भक्तीने हात जोडतो. अलंकार चढल्यावर देवी मोठी होत नाही आणि निर्माल्य उतरल्यावर ती उणी होत नाही. मग अलंकार चढवायचे ते कशासाठी? जे आधीच पूज्य आहे त्याचा गौरव करण्यासाठी. उणेपणा झाकण्याचा हेतू तेथे नसतो.

कालिदासानेही हेच जाणले होते असे वाटते. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात मदन भस्म होतो आणि केवळ रूपाने शिव जिंकला जात नाही हे पार्वतीला कळून चुकते. मग पाचव्या सर्गात ती तप करते. सातव्या सर्गात तिचा विवाह येतो, तेथे मात्र कवीने शृंगाराला मुळीच कमी लेखलेले नाही. तेल, उटणे, मंगलस्नान, वस्त्रे, तिलक यांचे वर्णन तो रंगून करतो. परंतु त्यात एक सुंदर क्षण आहे. पार्वतीला पूर्वेकडे तोंड करून बसविले आहे, प्रसाधने हाताशी आहेत, आणि सजविणाऱ्या स्त्रिया क्षणभर थांबून तिच्या मूळच्याच शोभेकडे पाहत राहिल्या आहेत. सजविणाऱ्याने सजविण्यापूर्वी असे थांबून पाहावे, यात शृंगाराचे सारे मर्म आले. ज्याला मूळ रूप दिसलेच नाही, तो त्यावर काय चढविणार?

‘अलंकार’ या शब्दाकडेही जरा पाहावे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकार करणे म्हणजे पुरेसे करणे, पूर्णतेस नेणे. आणि हाच ‘अलम्’ संस्कृतात ‘आता बस्स’ या अर्थानेही येतो. एकाच शब्दात पूर्ण करण्याची आज्ञा आणि थांबण्याची आज्ञा दोन्ही आहेत. ज्या शृंगाराला ‘पुरे’ म्हणता येत नाही, तो शब्दार्थानेही अलंकार नव्हे.

यावर कोणी म्हणेल, “हे तत्त्वज्ञान ठीक आहे, पण जगात सावळ्या मुलीला बोलणी बसतात, त्याचे काय?” हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मात्र त्याचे उत्तर मुलीच्या गालावर शोधावयाचे नसून आपल्या दृष्टीत शोधावयाचे आहे. आपण सावळ्या विठ्ठलापुढे डोळे मिटतो, मेघश्याम रामाचे ध्यान करतो, कृष्णाला तर त्याच्या रंगावरूनच हाक मारतो. आणि घरी येऊन सुनेच्या रंगाची चौकशी करतो. यात जो खोटेपणा आहे, तो कोणत्याही रंगभूषेहून दाट आहे.

मग व्यवहारात काय करावे? मला तीन कसोट्या सुचतात. पहिली, शरीराला अपाय होणारे काही नको. घटकांची नावे नसलेले मलम घेऊ नये. गोरेपणाच्या काही मलमांत पारा आढळला आहे आणि तो मूत्रपिंडांना घातक असतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकतात, तिच्यातील रसायनाने हात भाजल्यासारखे होऊ शकतात. खरी मेंदी एक-दोन दिवसांत आपोआप गडद होते. नवे प्रसाधन आधी कोपरापाशी थोडे लावून दोन दिवस पाहावे, आणि लग्नाच्या आठवड्यात नवा प्रयोग करू नये. दुसरी कसोटी, जे केले ते रात्री पाण्याने उतरावे आणि खाली तीच व्यक्ती असावी. निर्माल्य जसे सहज उतरते तसे. तिसरी, ते नवरीच्या स्वतःच्या मनाला आनंद देणारे असावे; कोणाच्या धाकाने केलेले नसावे. तिला नटावेसे वाटले तर तिने मनसोक्त नटावे, आणि साधे राहावेसे वाटले तर इतरांनी आग्रह धरू नये.

या कसोट्यांना उतरणारा शृंगार कितीही थाटाचा असो, त्यात असत्य नाही.

त्या मुलीचे लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. गालांवरचा दाह शमला होता, थोडे डाग मात्र राहिले होते. सजविणाऱ्या बाईंना तिने सांगितले की डाग झाकले तरी चालतील, रंग मात्र माझाच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी जोडी कुलदेवीच्या पाया पडावयास आली, तेव्हा आम्हीही देवळात होतो. तिने चेहरा धुतला होता. डाग दिसत होते, आणि केसांत अबोलीची ताजी फाती होती. गर्भागारात भटजी आदल्या दिवसाचे निर्माल्य उतरवीत होते. ती हात जोडून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने एकदा देवीकडे पाहिले आणि एकदा तिच्याकडे, आणि त्या दोन्ही पाहण्यांत मला काही फरक दिसला नाही.