कर्मफळ आणि जॉर्ज एलियट

‘जॉर्ज एलियट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्स या विदुषीच्या कादंबऱ्या तारुण्यात वाचल्या जातात त्या बहुधा परीक्षेसाठी, आणि त्या वयात ‘मिडलमार्च’मधील डोरोथियाचा विजोड विवाह व तिचे पुढचे प्रेम यांपलीकडे पाहण्याची उसंत वाचकास नसते, परंतु उतारवयात, देवणीसारख्या सीमेवरच्या गावी, तोच ग्रंथ स्वस्थपणे हाती घेतला तेव्हा मला त्यात थेट आपल्या कर्मसिद्धान्ताला भिडणारा एक धर्मप्रश्न दिसला, आणि तेव्हापासून ही लेखिका मला माझ्या फार निकटची वाटत आली आहे.

तिचा जन्म १८१९चा, वॉरिकशर परगण्यातला. वडील एका जमीनदाराच्या मिळकतीचे कारभारी, म्हणजे निजामी अमलातल्या आमच्या वडीलधाऱ्यांना सहज ओळखू यावेत असे गृहस्थ. बालपणी अत्यंत श्रद्धाळू असलेल्या या मुलीने १८४२मध्ये चर्चला जाणे नाकारले, पुढे स्ट्राउस व फॉयरबाख या जर्मन पंडितांचे धर्मचिकित्सक ग्रंथ इंग्रजीत आणले, आणि ईश्वर व अमरत्व यांवरचा विश्वास ओसरला तरी कर्तव्याचे शासन तसूभरही सैल होत नाही, ही निष्ठा तिने आयुष्यभर सांभाळली. कर्म आणि फळ यांना जोडण्यासाठी ईश्वराची अपेक्षा न ठेवणारे मीमांसक ज्या परंपरेत झाले, आणि ज्या मराठवाड्यात नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी आपली नास्तिकता कधी लपविली नाही, तेथील वाचकास या भूमिकेचा धक्का बसू नये.

विचार करावयास लावते ती पुढची गोष्ट. ज्याने करावे त्यानेच भोगावे, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी, असे आपला सिद्धान्त सांगतो. एलियटच्या सृष्टीतही कर्म अटळ आहे, पण त्याचे फळ शेजाऱ्याच्या पदरात पडते. ‘मिडलमार्च’मधील बुलस्ट्रोड हा धर्मनिष्ठ सावकार आपले जुने पाप झाकण्यासाठी एका आजारी माणसाला मरू देतो, त्यातही ईश्वरी योजना पाहतो, आणि त्याच्याकडून कर्ज घेतलेल्या लिडगेट या निरपराध डॉक्टरची अब्रू मात्र कायमची जाते. कोणाचे संचित म्हणावे हे?

हा प्रश्न आमच्या लातूर जिल्ह्यात पुस्तकी राहिलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली ती मुख्यत्वे मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि माळवदे अंगावर कोसळून. त्या वेळी ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ हे शब्द पुष्कळांच्या तोंडी आले, आणि बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, तरीही त्या वचनाने मृत बालकांवर एका अज्ञात अपराधाचा आरोप ठेवला जातो, हे मला कधीच मान्य करता आले नाही.

एलियट असा आरोप ठेवीत नाही. तिचे उत्तर हॅरियेट बुलस्ट्रोडच्या रूपाने येते. पतीची बेअब्रू कळल्यावर ही साधी, थोडी मिरवणारी बाई खोलीचे दार लावून रडते, दागिने उतरवते, साधे काळे वस्त्र घालते आणि खाली त्याच्याजवळ जाऊन बसते. कबुली मागत नाही, क्षमेचे प्रवचन करीत नाही. फळ जर निरपराधावर पडू शकते, तर निरपराध मनुष्य ते आपणहून वाटूनही घेऊ शकतो, आणि माझ्या मते एवढ्यापुरता एलियटचा विचार आमच्या कर्मसिद्धान्ताहून अधिक दयाळू आणि अधिक खरा आहे.

हा प्रसंग लिहिला तेव्हा लेखिका बावन्न वर्षांची होती. पन्नाशी उलटलेल्या माझ्या वाचकांना विनंती एवढीच की, ग्रंथाच्या विस्ताराला न भिता तो पुन्हा उघडावा, आणि चौऱ्याहत्तरावे प्रकरण सावकाश वाचावे.