निष्काम कर्म आणि मतयाचना

आज ज्याला कर्वेनगर म्हणतात त्या हिंगण्याच्या माळावर, ज्या वर्षी लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली त्याच १९०८ साली, धोंडो केशव कर्वे यांनी निष्काम कर्म मठाची स्थापना केली. वर्गणीसाठी दारोदार हिंडणाऱ्या या पुरुषाने निष्कामतेचे नाव घ्यावे यात विसंगती नव्हती. कारण संस्थेसाठी मागावे, स्वतःसाठी मागू नये, ही मर्यादा तेथे स्पष्ट आखता येत होती. परंतु जो लोकप्रतिनिधी दर पाच वर्षांनी स्वतःच्याच नावाने मते मागतो, आणि ज्याच्या बाबतीत अधिकारपद हे एकाच वेळी सेवेचे साधनही असते आणि कर्माचे फळही, त्याला गीतेतील फलत्याग शक्य आहे काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवतात. कर्व्यांचे देहावसान झाले त्याच १९६२ साली ते प्रथम आमदार झाले, आणि पुढे एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्ष या एकाच पक्षातर्फे, अकरा वेळा निवडून आले. पक्ष क्षीण होत गेला, सत्ताधाऱ्यांकडे जाणाऱ्यांना हुद्दे मिळत राहिले, तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. मंत्रिपद आले ते १९७८ आणि १९९९ असे दोनदाच, आणि तेही अल्पकाळ. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती झाली खरी, पण साधेपणा हा निष्कामतेचा पुरेसा पुरावा मी मानत नाही. साधेपणाचीही आसक्ती जडते. खरा पुरावा पराभवात असतो. १९७२ साली ते हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले; १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी पुन्हा हरले, आणि अवर्षणग्रस्त तालुक्याला कृष्णेचे पाणी मिळावे ही त्यांची मागणी मात्र पद असताना जशी होती तशीच पद नसतानाही राहिली. फळ हातचे गेल्यावरही ज्याचे कर्म थांबत नाही, त्याने फळासाठी ते आरंभिले नव्हते, असे म्हणण्यास आपण मोकळे आहोत. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ज्या लोकसंग्रहावर भर दिला तो याहून निराळा नसावा.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जॉन डिंगेल हे १९५५ ते २०१५ अशी एकोणसाठ वर्षे बसले. सर्वांना आरोग्यविमा मिळावा म्हणून वडिलांनी मांडलेले विधेयक ते प्रत्येक नव्या सभागृहात, मंजुरीची आशा नसतानाही, पुन्हा मांडीत. ही चिकाटी मला निष्काम कर्माच्या अगदी जवळची वाटते. पण ती जागा त्यांच्याकडे वडिलांकडून आली होती आणि त्यांच्यामागून पत्नीकडे गेली, हेही विसरता येत नाही.

आक्षेप येथेच आहे. गणपतरावांनी २०१९ साली, नव्वदी उलटल्यावर, निवडणूक लढविली नाही, आणि उमेदवारी त्यांच्या नातवाकडे, अनिकेत देशमुख यांच्याकडे, गेली. तीत आजोबांची ममता किती आणि तालुक्याची किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझ्या मते गणपतरावांचे स्वतःचे कर्म निष्काम होते. परंतु एका व्यक्तीची अनासक्ती जनतेला आपोआप अनासक्त करीत नाही, आणि कर्मयोगाच्या आपल्या चर्चेने शासिताच्या या आसक्तीचा विचार पुरेसा केलेला नाही. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी वारले. २०२४ साली सांगोल्याने त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना विधानसभेत पाठविले.