उकिरड्याचे पांग
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण मी वर्गात शिकवतो. मुंबईत मुलुंडचा उकिरडा २०१८ साली बंद झाला; मग तो उकरून चाळला जाऊ लागला. अशा चाळणीतून माती भरावाला जाते, प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीत जळणाला. हे उत्तमच! पण उकिरड्याशेजारी राहणाऱ्यांचे पांग कोणी फेडायचे? २०१६ साली देवनारचा ढीग पेटला. कचरा साऱ्या शहराचा. धूर आधी प्याली ती लगतची वस्ती. आमच्या तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा धरला, तो धन सापडावे म्हणून नव्हे. दिवाळीत आपण केर उंबऱ्याबाहेर लोटतो. तो कोणाच्या उंबऱ्याशी जाऊन पडतो, एवढे विचारले तरी पणती सार्थकी लागेल.