धम्माचा झेंडा आणि घराण्याची गादी



१९५६ हे साल आपल्या घरातील शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व लाखोंना दिली. तथागतांच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षे म्हणून ते वर्ष साऱ्या बौद्ध जगात साजरे होत होते. परंतु त्याच वर्षी, आपल्या दीक्षेच्या चारच महिने आधी, दुसऱ्या एका देशात बुद्धाचे नाव घेऊन काय घडले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. तो देश म्हणजे श्रीलंका, तेव्हाचे सिलोन. ज्या बेटावर त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले, ते हे बेट. बाबासाहेब स्वतः १९५० साली तेथे कॅंडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. तेव्हा ही परक्या घरची गोष्ट म्हणून कानाआड करू नका.

माणसामाणसांत फूट पाडून निवडून येणारा पुढारी नेमके कोणाचे नुकसान करतो? ज्यांच्याविरुद्ध तो बोलतो त्यांचेच, की ज्यांच्या नावाने बोलतो त्यांचेही? आणि असा पुढारी गेल्यावर त्याची खुर्ची त्याच्याच घरात का राहते? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. लंकेचा इतिहास पाहिला तर ते एकाच चुलीवर शिजलेले आहेत, असे दिसते.

सिलोनमध्ये प्रौढ मतदान १९३१ सालीच आले, स्त्रियांसकट. आपल्याकडे तशी पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. म्हणजे लोकशाहीच्या शाळेत ते आपल्या वीस वर्षे पुढे. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि नव्या सरकारने त्याच वर्षी काय केले? नागरिकत्वाचा कायदा करून चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या सुमारे सात लाख तमिळ मजुरांना परके ठरविले. पाठोपाठ त्यांचे मत गेले. हे मजूर कोण होते? इंग्रजांनी तमिळ मुलुखातून आणलेली माणसे. त्यांतली पुष्कळशी गावकुसाबाहेरच्या जातींतली, तुमच्या-आमच्यासारखी. त्यांचा हक्क जात असताना तमिळ काँग्रेसचे पुढारी मंत्रिमंडळात जाऊन बसले. चेल्वनायकम यांनी त्यापायी तो पक्ष सोडला. ते म्हणत, आज मळेवाल्यांवर आली, उद्या आपल्यावर येईल. त्या वेळी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

आता ज्यांच्या नावाने १९५६ ओळखले जाते ते सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके. नावाकडेच पाहा. वडील ब्रिटिश गव्हर्नरच्या दरबारातले पहिल्या मानाचे देशी अधिकारी, घर ख्रिस्ती, मुलाला नाव दिले ते गव्हर्नरचे. शिक्षण ऑक्सफर्डला. पुढे राजकारणात आल्यावर ते बौद्ध झाले. आता, माणसाने धर्म बदलला म्हणून त्याच्या हेतूवर शंका घेणे आपल्याला शोभणार नाही. आपल्यावरही असली शंका घेणारे कमी नाहीत. मुद्दा निराळा आहे. खेड्यातल्या सिंहली माणसाचे दुःख खरे होते. सरकारी कचेरीची भाषा इंग्रजी, आणि ती येणारे मूठभर. शाळामास्तर, देशी वैद्य, विहारातले भिक्खू ह्यांना कोणी विचारीत नव्हते. ह्यावर साधा उपाय होता: इंग्रजीच्या जागी सिंहली आणि तमिळ, दोन्ही. बंदरनायके यांच्या पक्षाची भूमिकाही १९५५ पर्यंत हीच होती. पण निवडणूक जवळ आली तसे त्यांना दिसले, की दर दहा माणसांत सुमारे सात सिंहली आहेत. दोन्ही भाषांच्या न्यायापेक्षा एका भाषेच्या अभिमानाने मते जास्त पडतात. मग घोषणा झाली: सत्ता द्या, चोवीस तासांत फक्त सिंहली!

इंग्रजीविरुद्धचे दुःख असे शेजाऱ्याविरुद्ध वळविले गेले. लबाडी आहे ती येथे. ज्या वर्गाने इंग्रजीच्या जोरावर सत्ता भोगली, त्याच वर्गातला माणूस गरिबाचा कैवारी झाला, आणि दोषी ठरला तो जाफन्याचा कारकून व मळ्यातला मजूर.

जून १९५६ मध्ये भाषेचा कायदा आला. ५ जूनला कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तमिळ प्रतिनिधी शांतपणे सत्याग्रहाला बसले असता जमावाने त्यांना झोडपले. लवकरच गल ओया खोऱ्यात माणसे मारली गेली. हे सारे बुद्धजयंतीच्या वर्षात!

येथून पुढचा भाग नीट वाचा, कारण लोकशाहीची खरी किंमत येथे कळते. बंदरनायके निर्बुद्ध नव्हते. आग पसरते आहे हे पाहून त्यांनी जुलै १९५७ मध्ये चेल्वनायकम यांच्याशी करार केला. तमिळ भागांना काही अधिकार द्यायचे ठरले. लगेच विरोधी पक्षाचे जयवर्धने कराराविरुद्ध कॅंडीला पदयात्रा घेऊन निघाले. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या दारात येऊन बसले, आणि पंतप्रधानांनी करार रद्द केला. महिना-दीड महिन्यात देशभर दंगली पेटल्या. पुढे १९६५ साली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने चेल्वनायकम यांच्याशी तसाच करार केला. तेव्हा त्याच्या आड कोण आले? बंदरनायकेंचा पक्ष! जो बाहेर असेल त्याने आत असलेल्याला देशद्रोही म्हणायचे, एवढाच विरोधी पक्षाचा धर्म उरला. सरकारला भाव, पाणी, मजुरी, शाळा यांचा जाब विचारणे बाजूला पडले. दोन्ही पक्ष एकाच दुकानात एकच माल विकू लागले.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी बंदरनायके यांच्या घरी चीवर घातलेला एक माणूस भेटीला आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान वारले. मारेकरी सोमराम हा भिक्खू होता. कटात दोषी ठरला बुद्धरक्खित, केळणियाच्या प्रसिद्ध विहाराचा मुख्य भिक्खू, आणि १९५६ च्या निवडणुकीत बंदरनायकेंचा मोठा प्रचारक. चीवराला मतपेटीशी बांधले की काय होते, ते येथे पाहावे. सुत्तांत भिक्खूने राजाला उपदेश केल्याच्या कथा आहेत. सरकारे बनविण्याचे काम तथागतांनी त्याला कोठेही दिलेले नाही.

एवढे झाल्यावर तरी देश शहाणा व्हायचा. झाले उलटे. जुलै १९६० मध्ये त्यांच्या पत्नी सिरीमावो पंतप्रधान झाल्या. जगातली पहिली स्त्री पंतप्रधान म्हणून त्यांचे कौतुक झाले; स्त्री त्या पदावर बसली ह्याचा आनंद आपल्यालाही व्हावा. पण त्यापूर्वी त्या कधी विधिमंडळात नव्हत्या. लोकांनी मत दिले ते वैधव्याला आणि आडनावाला. १९९४ मध्ये कन्या चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी आईला पुन्हा पंतप्रधान केले. दुसऱ्या बाजूला काही वेगळे नव्हते. पहिले पंतप्रधान सेनानायके १९५२ मध्ये वारले, तर खुर्ची मुलाला. मुलाने सोडली तर नात्यातल्या कोटेलावलांना. त्या पक्षाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘काका-पुतण्या पक्ष’ म्हणत. जयवर्धने आणि रनिल विक्रमसिंघे हेही त्याच गोतावळ्यातले. मधेच प्रेमदासा आले, गोविगम ह्या वरच्या जातीबाहेरचे, कोलंबोच्या गरीब वस्तीतले. आणि मग त्यांचाही मुलगा विरोधी पक्षनेता झाला. हे वाचून तुम्हाला हसू आले असेल तर ते तेथल्या लोकांना फार हसू नका. आपल्या जिल्ह्यातील आमदारांची यादी काढून पाहा.

फूट आणि घराणे यांचा सांधा कोठे आहे? भीतीत आहे. ‘तुम्हाला शेजाऱ्यापासून धोका आहे, आणि मीच तुमचा राखणदार’, असे एकदा मनात भरले की लोक राखणदाराला हिशेब विचारीत नाहीत. राखणदार मेला की भीती मरत नाही. ती पोरकी होते आणि त्याच्या घराकडे पाहू लागते. रक्तावर भरवसा ठेवायचा, ही सवय लोकांना आधीच लागलेली असते. कारण ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी तरी कशावर केलेली असते? जन्मावरच. जन्मावरून मतदार वाटले, की जन्मावरून राज्यकर्ता निवडणे ओघानेच येते. आणि जन्मावरून माणसाची जागा ठरविणारी जी व्यवस्था आपण नागपुरात टाकून आलो, तिचे नाव तुम्हाला सांगायला नको.

तथागतांनी ह्या बाबतीत काय केले? कपिलवस्तूत राहुल त्यांच्या मागे चालत आला आणि म्हणाला, मला माझा वारसा द्या. त्याला राज्य मिळाले नाही, संघाचे प्रमुखपदही मिळाले नाही. सारिपुत्तांना सांगून त्याला श्रामणेर केले. चुलतभाऊ देवदत्ताने संघाचे नेतृत्व मागितले, तेव्हा त्याला स्पष्ट नकार मिळाला. शेवटच्या दिवसांत आनंदांनी विचारले, तेव्हाही वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच पुढे शास्ते, असे सांगितले. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका बजावून सांगितला होता. ते वाक्य आपण जयंतीच्या फलकावर लिहितो आणि फलकाखाली उभे राहून पुढाऱ्याच्या मुलाला हार घालतो.

कोणी म्हणेल, लंकेचे लोक बौद्ध आहेत, ते असे कसे वागले? बौद्ध हे नाव लावल्याने कोणी आपोआप सुटत नाही, हे नव्या उपासकाने आरंभीच समजून घ्यावे. तेथल्या सियाम निकायात उपसंपदा गोविगम जातीच्याच माणसाला मिळते. त्यामुळे इतर जातींना १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशाकडे जाऊन उपसंपदा आणावी लागली. पाचव्या-सहाव्या शतकातील महावंसात दुट्ठगामणी राजाची कथा आहे. तमिळ राजावर विजय मिळविल्यावर त्याला एवढ्या माणसांच्या हत्येचे दुःख झाले. तेव्हा अर्हत येऊन त्याला सांगतात की, मेलेल्यांत माणसे दीडच होती: एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील घेतलेला, बाकीचे पशूसारखे. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे पहिले शील ज्याने एकदाही मनापासून घेतले असेल, त्याने ही कथा वाचून मान खाली घालावी. दीडशे वर्षांत शाळेत-सभेत तिचे जे पारायण झाले, त्याची फळे १९८३ च्या जुलैमध्ये दिसली. तेरा सैनिक मारले गेल्याचे निमित्त झाले आणि कोलंबोत तमिळांची घरे मतदारयाद्या हातात घेऊन जाळली गेली. मतदारयाद्या! लोकशाहीचे कागद जाळपोळीच्या कामी आले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते तेच पदयात्रावाले जयवर्धने.

तमिळ बाजूला मग बंदुकीचे राज्य आले. वाघांच्या संघटनेने एकाच नेत्याची भक्ती शिकविली, अमृतलिंगम यांच्यासारखे तमिळ पुढारीच ठार केले, आणि १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना नेसत्या वस्त्रानिशी हाकलून दिले. फुटीला फूटच उत्तर देत गेली. युद्ध मे २००९ मध्ये संपले.

त्या विजयावर राजपक्षे घराणे उभे राहिले. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, एक संरक्षण सचिव, एक मंत्री, एक सभापती, मुलगा खासदार. २०१० मध्ये घटना बदलून राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींची मर्यादा काढली. २०१५ मध्ये ते हरले. २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर भीती परत आली आणि तिच्याबरोबर ते घराणेही. करोनाच्या काळात, दफनाला आरोग्यशास्त्राची हरकत नसताना, मुसलमानांचे मृतदेह सक्तीने जाळण्यात आले. त्यांत वीस दिवसांचे तान्हे मूलही होते. बहुसंख्य समाज गप्प राहिला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच सरकारने एका फटक्यात रासायनिक खते बंद केली. विचारणारे कोणी उरले नव्हते, कारण मंत्रिमंडळ म्हणजे घरची पंगत. भातपीक बुडाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले. गॅससाठी, पेट्रोलसाठी, औषधासाठी ज्या रांगा लागल्या, त्यांत सिंहली बौद्धही उभा होता. त्याच्या नावाने जे राज्य चालले, त्याने त्याच्या ताटातला भातही ठेवला नाही.

तेव्हा लोक जमले ते त्याच गॉल फेस मैदानावर. १८ मे २०२२ रोजी युद्धात मेलेल्या तमिळांची आठवण म्हणून तेथे कांजी वाटली गेली, आणि सिंहली तरुणांनी ती प्यायली. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. २०२४ च्या निवडणुकीत घराण्याच्या वारसाला तीन टक्केही मते पडली नाहीत. साध्या खेडुताच्या घरातले दिसानायके निवडून आले. त्यांच्या पक्षाचाही भूतकाळ रक्ताचा व सिंहली अभिमानाचा आहे, म्हणून घाईने हार घालायला नको.

आणि ते मळेवाले? १९६४ मध्ये सिरीमावो आणि लालबहादूर शास्त्री यांनी त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारताला, तीन लाख सिलोनला, दीड लाखांचे मागाहून बघू. त्यांना कोणी विचारले नाही. अनेक कुटुंबे रामेश्वरमच्या बोटीतून अशा देशात उतरली, जो त्यांच्या मुलांनी पाहिलाही नव्हता. मागे राहिलेल्यांतील शेवटच्या बेवतन माणसांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ साली झाला. चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या वेळच्या लायनींतील खोल्या अजून आहेत, आणि त्यांत कुटुंबे राहतात.