आजार एकाचा, काम कुणाचं?

जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा ज्याला टोचलं गेलं, तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. इन्सुलिनमुळे टाइप १ मधुमेहाची मुलं जगू लागली, पण त्यासोबत घरात एक कायमचं काम आलं. साखर तपासायची, खाणं मोजायचं, इंजेक्शन घ्यायचं, रोज, सुट्टीशिवाय. मूल लहान असताना हे काम कुणाचं, असा प्रश्न येत नाही. बहुतेकदा आई करते. मूल वयात आलं की प्रश्न येतो.

मग डोस चुकतात, वहीत खोटे आकडे पडतात. 'ऐकत नाही' असा शिक्का बसतो. खरं तर या वयात वाढीची संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. तेवढंच जेवण, तेवढाच डोस, तरी साखर चढते. पण घरात तो आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचला जातो, आणि बोलणी खाण्यापेक्षा खोटं लिहिणं सोपं वाटतं.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या डेबरा एलिस आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी 'मल्टिसिस्टेमिक थेरपी' वापरून पाहिली. ही पद्धत मुळात गुन्ह्यांत अडकलेल्या किशोरांसाठी घडलेली. यात समुपदेशक घरी येतो, आईवडिलांशी बोलतो, गरज पडल्यास शाळेत जातो. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १२७ मुलं होती. ज्यांना ही मदत मिळाली ती साखर जास्त वेळा तपासू लागली, आणि त्यांचं रुग्णालयात भरती होणं कमी झालं.

तरीही आक्षेप उरतो. परक्या माणसाने घरात येऊन जेवणाच्या वेळा, भांडणं, फ्रीज पाहायचा, ही मदत की पाळत? शिवाय मुलावरचा दोष उचलून आईवर ठेवला जाण्याची भीती आहेच.

मला वाटतं, दोष आणि जबाबदारी आपण एकच मानतो, तिथे घोळ होतो. दोष मागे पाहतो आणि एकाचंच नाव मागतो. जबाबदारी उद्या सकाळच्या डोसबद्दल असते, ती वाटून घेता येते. पंधरा वर्षांच्या मुलाला 'आता तुझं तू बघ' म्हणणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणं, असं आपण समजतो. पुष्कळदा तो थकलेल्या मोठ्यांनी काढलेला मार्ग असतो. थकणं समजण्यासारखं आहे, म्हणूनच बाहेरचा माणूस लागतो. त्याला उंबरठा ओलांडायचा हक्क मात्र एकाच अटीवर मिळावा: त्याने कामातला वाटा उचलायला यावं, तपासणीला नाही. ती अट पाळली जाते की नाही, हे ठरवायचा अधिकार त्या घराचा, आणि त्यात त्या मुलाचाही.